अंगणातली उंबरखिंड

दिवाळीत मुलांचे किल्ले तपासायला मी खोपोली-पाली रस्त्यालगतच्या गावांत फिरतो. निवृत्त मास्तराला एवढा मान अजून मिळतो. किल्ल्याची पद्धत जुनीच: दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, भात कापलेल्या खाचरातल्या मातीचा चिखल लिंपायचा आणि उतारावर हळीव पेरायचे. चार-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. हौशी पोरं सलाईनची नळी आतून फिरवून कारंजंही उडवतात.

नावं मात्र ठरलेली. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग. हे तिन्ही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. त्या बारांत कर्जत-खालापूरचा एकही नाही.

पण आमच्या खालापुरात २ फेब्रुवारी १६६१ रोजी जी लढाई झाली, तिला किल्ला लागलाच नाही. शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात धाडलं. तो मोठी फौज घेऊन कुरवंडा घाटानं उतरला. सोबत रायबाघन ही सरदारीण होती. चावणीजवळच्या उंबरखिंडीत वाट चिंचोळी, दोन्ही अंगांना दाट रान. शिवाजी महाराजांनी फौज पुरती आत येऊ दिली आणि मग पुढची-मागची तोंडं बंद केली. मावळे झाडीत, मोगल उघड्यावर. रायबाघननं खानाला शरण जायला सांगितल्याचं ‘शिवभारता’त आलं आहे. खानानं ऐकलं, खंडणी भरली आणि जीव वाचवून परत गेला. आज तिथे स्मारक आहे.

मध्यंतरी एका अंगणात दोघी बहिणींनी किल्ल्याऐवजी चर खणलेला पाहिला. काठांवर तेरड्याच्या फांद्या खोचलेल्या, मावळे त्यांच्या आड, तळाशी खानाची माणसं दाटीवाटीनं उभी.

“महाराज सिंहासनावर का नाहीत गं?” मी विचारलं.

“मास्तर, लढाई चाललीय ना! ते वर घोड्यावर आहेत.”

माझ्या हातातल्या कागदावर रकाने होते तटबंदी, बुरूज, दरवाजे यांचे. तिन्हींत शून्य. नियमानं त्या पोरींना बक्षीस मिळालं नाही. पण डोंगर, रान आणि वाट यांनी लढाई कशी जिंकून दिली, हे त्या दिवशी फक्त त्यांच्याच अंगणात दिसलं.

कर्जतच्या मुलांसाठी कोथळीगड आहेच. सुळक्याच्या पोटात कोरलेला त्याचा जिना चिखलात करून बघा म्हणावं! स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती: यंदा कागदावर ‘आपल्या तालुक्याचा इतिहास’ असा एक रकाना वाढवा, आणि त्याला सगळ्यांत जास्त गुण ठेवा.