विज्ञानकथांद्वारे धर्मविचाराचे अध्यापन

पाप, ईश्वरी न्याय, अनिष्टाचे मूळ, श्रद्धा व बुद्धी यांचा संबंध इत्यादी धर्मशास्त्रीय प्रश्न विज्ञानकथांच्या आधारे विद्यार्थ्यांपुढे मांडण्याची पद्धती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी विद्यापीठांत ती रुजली. कथेच्या आवरणाखाली धर्मशास्त्र वाचकाच्या नकळत त्याच्या मनात उतरविता येते, असे ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ (१९३८) या कादंबरीचे कर्ते सी. एस. ल्यूइस यांचे मत होते. तथापि नकळत उतरलेल्या विचाराची चिकित्सा होत नाही, म्हणून ज्या कृतींत लेखकाने निर्णय वाचकावर सोपविला आहे, त्याच अध्यापनास अधिक उपकारक ठरतात.

जेम्स ब्लिश यांची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ (१९५८) ही त्यांत अग्रगण्य होय. लिथिया ग्रहाच्या रहिवाशांना ना ईश्वर ठाऊक, ना धर्म; तरीही त्यांचे आचरण निष्कलंक आहे, हे पाहून जेझुइट जीवशास्त्रज्ञ फादर रुइझ-सांचेझ असा निष्कर्ष काढतात की, ईश्वरावाचून सदाचार शक्य असल्याचे भासविण्यासाठी सैतानानेच हा ग्रह निर्माण केला असावा; परंतु सैतानास सर्जनशक्ती बहाल करणे हे, सत् व असत् अशी दोन स्वतंत्र आदितत्त्वे मानणाऱ्या मानीपंथाचे पाखंड असल्यामुळे हा निष्कर्षच त्यांना चर्चच्या लेखी पाखंडी ठरवितो. ही कोंडी उमजण्यासाठी, तारुण्यात स्वतः मानीपंथी असलेल्या संत ऑगस्टीनचे विवेचन वाचणे भाग पडते, आणि कादंबरीचे खरे अध्यापनमूल्य यातच आहे. अखेरीस ग्रहाचा नाश होतो तो फादरांच्या सैताननिवारणविधीमुळे की एका भौतिकीविदाच्या सदोष प्रयोगामुळे, याचा निवाडा ब्लिश देत नाहीत.

माँते कासिनो मठावरील १९४४ च्या बाँबहल्ल्यात सहभागी झालेले व पुढे १९४७ मध्ये कॅथलिक झालेले वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लायबोविट्झ’ या कादंबरीत अणुयुद्धोत्तर काळातील मठवासी एका अभियंत्याचे दस्तऐवज, अर्थ न कळताही, पिढ्यानुपिढ्या नकलून जतन करतात. शेवटच्या भागात किरणोत्साराने मरणोन्मुख झालेल्या माता व बालकास सुखमरण द्यावे काय, यावर मठाधिपती व डॉक्टर यांचा वाद होतो. डॉक्टरांची करुणाही खरी असल्याने मठाधिपतींची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यास ती कष्टानेच सिद्ध करावी लागते.

भारतीय वाचकाने विशेष सावधपणे वाचावी ती रॉजर झेलाझ्नी यांची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ (१९६७). परग्रहावर वसाहत करणारे मानव तेथे हिंदू देवतांची रूपे धारण करतात आणि देहांतराचे तंत्र आपल्या ताब्यात ठेवून, प्रजेच्या मनाची झडती घेतल्यावरच नवा देह मंजूर वा नामंजूर करतात. त्यांच्याविरुद्ध नायक बुद्धाचा उपदेश पुन्हा जागवितो. कर्मसिद्धान्त येथे राज्यकर्त्यांचा हुकूमनामा झाला आहे. पूर्वमीमांसेत व बौद्ध मतात मात्र कर्मफल कोणा अधिष्ठात्याच्या मर्जीवर अवलंबून नसते, म्हणून ही कादंबरी शिकविताना ‘धम्मपद’ शेजारी असावे.