‘आपला माणूस’ कोण ठरवतो? : पाथरी, नगरपालिका आणि मतदार

थ्रेड :

१/
नगरसेवकपदाला पाच जण उभे राहतात. पाचही एकाच गल्लीतले, पाचांच्याही पत्रकावर रस्ता, नाली, नळ आणि पथदिवे यांचीच आश्वासने. तरीही एखादाच मतदाराच्या नजरेत भरतो. तो कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा उमेदवारात शोधतो. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या जुन्या कसब्याचा इतिहास मात्र वेगळीकडे बोट दाखवतो : मत देण्याचा अधिकार कोणाला होता, आणि मत देणारा उमेदवाराकडे किती अंतरावरून पाहत होता.

२/
पाथरी आज तालुक्याचे गाव आहे. मुघल काळात मात्र ते वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे मुख्य ठाणे होते. (‘सरकार’ म्हणजे सुभ्याखालचा मोठा महसुली विभाग; आजच्या जिल्ह्याच्या आसपासचा.) त्याच्याही आधी एका राजघराण्याने या गावावर जो दावा सांगितला, तो आजच्या कोणत्याही प्रचारसभेत शोभावा असा होता.

३/
फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते आणि गावचे कुळकर्ण त्यांच्या कुळाकडे होते. त्या कुळातला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला पोहोचला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली. नातू बुरहान निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागणी केली : पाथरी आमच्या वाडवडिलांचे गाव आहे, ते आम्हांस द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या.

४/
इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुरहानने फौज धाडून पाथरी घेतले आणि, फिरिश्त्याच्याच सांगण्यानुसार, ते आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले. धर्म बदललेला, राजधानी दूर, तीन पिढ्या उलटलेल्या. तरीही ‘हे आमचे गाव’ हा दावा युद्ध करण्याइतका मोलाचा वाटला.

(पाथरीच्या मातीवरचा हक्क हा विषय अजूनही तापतो. साईबाबांचा जन्म येथे झाला अशी पाथरीकरांची श्रद्धा आहे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी त्या आधारे पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली आणि शिर्डीकरांनी निषेधार्थ बंद पुकारला.)

५/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘आपला माणूस’ असल्याचा दावा बुरहानने केला तो इमादशहापुढे. पाथरीकरांना कोणी विचारलेच नाही. पुढची कित्येक शतके तसेच चालले. देशमुख, देशपांडे, काझी, पेठेतले शेटे आणि महाजन हे गावाच्या वतीने बोलत, पण वतनाच्या जोरावर. बापानंतर मुलगा बोले. गावाला ते परके नव्हते. अनेकदा न्यायीही असत. मात्र त्यांना गावासमोर उठून दिसण्याची गरजच नव्हती, कारण त्यांची निवड होत नव्हती.

६/
एकोणिसाव्या शतकात मराठी मुलुखाचे दोन तुकडे दोन वेगळ्या वाटांनी गेले. पुणे-मुंबई इंग्रजी अमलात, पाथरीसह मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडे. नगरपालिकेच्या उमेदवाराचा इतिहासही येथेच दुभंगतो.

७/
इंग्रजी मुलुखातही आरंभ निवडणुकीने झाला नाही. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे सभासद होते, ते सरकारच्या नेमणुकीने. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. सभासद ३२, सगळेच सरकारनियुक्त. फुल्यांचे म्हणणे, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. मत मोजले गेले तेव्हा विरोधात एकटे फुले होते. ज्याने नेमले त्याच्याच पाहुण्याच्या स्वागताला विरोध, आणि पाठीशी एकही मतदार नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब विचारणारा सभासद लोकांनी निवडण्यापूर्वीच अवतरला होता.

८/
१८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढू लागली. मुंबईत तर १८७२ च्या कायद्यानेच ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते. पण ‘करदाते’ हा शब्द नीट वाचला पाहिजे. ठरावीक कर भरणाऱ्यालाच मत. भाडेकरू, मजूर, हमाल, झाडूवाला यांना नाही. मग उमेदवार उठून दिसे तो कशाने? वकिली, इंग्रजी वक्तृत्व, हिशेबातील बारकावा, घराण्याचे नाव. मुंबईत फिरोजशहा मेहता, पुण्यात विसाव्या शतकाच्या आरंभी नगराध्यक्ष झालेले गोपाळ कृष्ण गोखले ही मोठीच माणसे होती. तरी त्यांचा मतदार घरपट्टी भरणारा होता आणि तो नेमके घरपट्टी वाचवणाऱ्या, हिशेब तपासणाऱ्या सभासदाकडे पाहत होता. मुंबईत प्रौढ मताधिकारावर पहिली महापालिका निवडणूक व्हायला १९४८ उजाडले.

९/
हैदराबाद संस्थानात हा मधला टप्पाही धड आला नाही. १९३० च्या दशकात लोकांनी जबाबदार राज्यपद्धती मागितली तेव्हा निजाम सरकारने अरवमुदु अय्यंगार समिती नेमली, आणि १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत एक चमत्कारिक तत्त्व मान्य झाले : प्रतिनिधित्व प्रदेशाचे नव्हे, व्यवसायाचे. पट्टेदारांचा प्रतिनिधी वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा, वकिलांचा वेगळा.

१०/
याचा अर्थ नीट पाहावा. या योजनेत वकिलाने वकिलांसमोर उठून दिसावयाचे, पट्टेदाराने पट्टेदारांसमोर. शेजारी ही गोष्टच निवडणुकीतून बाद. गल्लीतल्या नालीचे पाणी कोणाच्या दारात तुंबते हे ज्याला रोज दिसते, त्याच्या त्या दिसण्याला मोल नाही. स्टेट काँग्रेसने या सुधारणा नाकारल्या. १९४६ च्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. त्या नकारामागे मोठे राजकारण होते हे खरे. पण एखाद्या कसब्यातल्या सामान्य माणसाच्या बाजूने पाहिले, तर त्या सुधारणांत त्याच्यासाठी फारसे काही नव्हतेच.

११/
१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. आणि १९५२ च्या आरंभी या भागाने सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले : स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर, जमीनवाला-भूमिहीन, सगळ्यांनी एकदम. पुण्या-मुंबईला जे अंतर कापायला सत्तर-ऐंशी वर्षे लागली ते मराठवाड्याने चार वर्षांत कापले. करदात्यांच्या लोकशाहीत मुरलेला सभ्य, हिशेबी नगरपिता हा नमुना येथे घडायला अवधीच मिळाला नाही. मराठवाड्याच्या नगरपालिका राजकारणाला ‘कच्चे’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. येथल्या उमेदवाराला पहिल्या दिवसापासून सगळ्या गावासमोर उभे राहावे लागले.

१२/
तेही कसे? त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. अक्षरओळख नसलेला मतदार चिन्ह पाहून चिठ्ठी टाकी. शिवाय संस्थानाचा कारभार उर्दूतला, घरातली बोली कोठे मराठी, कोठे दखनी. अशा गावात दोन्ही बोलींत सहज बोलणारा, दर्ग्याच्या उरुसालाही आणि सप्ताहाच्या काल्यालाही ओळखीचा असणारा माणूस छापील पत्रकाहून दूर पोहोचतो. पाथरीसारख्या मिश्र वस्तीच्या गावात हा गुण आजही जुना झालेला नाही.

१३/
१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांतील नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे एका छत्राखाली आणले. त्यानंतरचा नगरसेवक कसा ओळखला जातो, हे पाहायचे तर सभागृहापेक्षा त्याच्या घराची ओसरी पाहावी. रहिवासाचे पत्र, नळजोडणीचा अर्ज, घरकुलाची यादी, जन्माच्या नोंदीतली चूक, रात्री दवाखान्याला लागणारी गाडी. आधार कार्डावरचा पत्ता बदलण्यासाठी ज्यांच्या सहीचे प्रमाणपत्र चालते त्यांत खासदार-आमदारांच्या बरोबरीने नगरसेवकही आहे. खासदाराची सही मिळवायला किती खेपा, आणि नगरसेवकाची किती? प्रभागातला मतदार हाच हिशेब करतो, आणि तो करदात्याच्या हिशेबापेक्षा कमी शहाणपणाचा नाही. काही हजार मतदारांच्या प्रभागात निकाल थोडक्या मतांनी फिरतो. प्रत्येक दार लक्षात राहते.

१४/
पक्षाचे काय? पाथरी विधानसभा मतदारसंघाने २००४ मध्ये राष्ट्रवादीचे बाबाजानी दुर्राणी, २००९ मध्ये शिवसेनेच्या मीराताई रेंगे, २०१४ मध्ये अपक्ष मोहन फड आणि २०१९ मध्ये काँग्रेसचे सुरेश वरपूडकर यांना निवडले. चार निवडणुका, चार निराळी चिन्हे. ही विधानसभा आहे, नगरपरिषद नव्हे, आणि मतदारसंघात गावाबाहेरची खेडीही येतात. तरी येथला मतदार चिन्हाला बांधलेला नाही, एवढे तर यातून दिसतेच.

१५/
आता गंमत कायद्याची. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, हे महाराष्ट्राला आजवर पक्के ठरवता आलेले नाही. १९७४ मध्ये थेट निवड आली, पुढे गेली. २००१ मध्ये पुन्हा आली, २००६ मध्ये गेली. २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचे सांगितले गेले, आणि प्रत्येक वेळी सत्तेवरच्या पक्षाची सोय जवळच उभी होती.

१६/
परिणाम मात्र खरा आहे. अप्रत्यक्ष निवडीत नगराध्यक्षाला सतरा-वीस नगरसेवक सांभाळता आले की पुरे. थेट निवडीत त्याला प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक गल्लीत ओळख लागते. ओसरीवरचा माणूस येथे अपुरा पडतो. नाव, पैसा, वरच्या नेत्याचे छायाचित्र यांचे वजन वाढते. एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच मतदाराच्या मनात दोन वेगळे तराजू लागतात.

१७/
आरक्षणाने तराजूची तिसरी बाजू उघडली. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्या केल्या. सोडत निघते आणि पाच वर्षे गल्ली सांभाळणाऱ्या पुरुषाचा प्रभाग रातोरात महिलांसाठी राखीव होतो. मग फलकावर उमेदवार पत्नी, आणि तिच्याहून मोठे छायाचित्र पतीचे. यावर हसणे सोपे आहे. पण दाखल्यावर सही तिचीच लागते, आणि सहीसाठी आलेल्या बायका तिच्याशीच बोलतात. पुढच्या वेळी प्रभाग खुला झाल्यावरही तीच उभी राहिली, तर तिला ओळखीसाठी पतीचा फलक लागत नाही.

१८/
२०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि राज्यातील बहुतेक नगरपरिषदा सुमारे चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. ज्याला कोणी निवडले नाही आणि कोणी पाडूही शकत नाही असा कारभारी. जुन्या वतनदाराशी त्याचे एवढेच साम्य, आणि वतनदार निदान गावचा होता.

१९/
अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झाले. दोन सदस्यांच्या प्रभागात मतदाराला तीन मते होती : दोन प्रभागातल्या जागांसाठी, तिसरे नगराध्यक्षासाठी. तिन्ही एकाच पक्षाला द्यावीत असे बंधन कोठेच नाही. मोजणी न्यायालयाच्या आदेशाने लांबली आणि २१ डिसेंबरला झाली. मधले एकोणीस दिवस यंत्रे कुलपात होती आणि गावोगावच्या ओसरीवर नावे मोजली जात होती.