सहा डिसेंबर आणि सोळा डिसेंबर

दोस्तहो, ६ डिसेंबर १९५६ आपल्याला तोंडपाठ आहे. १६ डिसेंबर १९५६ किती जणांना ठाऊक आहे?

त्या दिवशी बाबासाहेब मुंबईत धम्मदीक्षा देणार होते. १४ ऑक्टोबरला नागपूर झालं. १६ ला चंद्रपूर झालं. आता पाळी मुंबईची होती. पण नागपूरच्या दीक्षेनंतर ५३ व्या दिवशी दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरात, बाबासाहेब झोपेतच गेले. आदल्या रात्री ते ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची प्रस्तावना हातावेगळी करत होते. ग्रंथ १९५७ साली निघाला. छापील पुस्तक बघायला ते नव्हते.

देशाचा घटनाकार गेला, असं शाळेच्या पुस्तकात लिहितात. खरंच आहे. पण वस्तीत घटनाकार नव्हता गेला, बाप गेला होता. चैत्यभूमीला जाताना गाडीत बडनेऱ्याचीच एक म्हातारी शेजारी होती. म्हणाली, “बाबासायेब गेले तवा आमच्या घरी तीन दिस चूल नोती पेटली. माह्या बापाले मी तवाच रडताना पाह्यलं.” डब्यात दाटी एवढी की पाय ठेवायला जागा नव्हती. बडनेरा ते दादर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. म्हातारीनं रात्र बसून काढली. शिदोरीतली भाकर सगळ्यांना वाटली.

दादरला तासन्‌तास रांग. मग समोर तो स्तूप. सांचीच्या धर्तीचं तोरण, अशोकस्तंभ, वरती घुमट. नवखा माणूस म्हणतो, एवढासाच? हो, एवढासाच. सरकारनं नाही बांधला तो. भय्यासाहेब आंबेडकर महूपासून मुंबईपर्यंत चालत आले, गावोगाव लोकांनी पदरची नाणी दिली, त्यातून तो उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताईंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याची एकेक वीट कुणाच्या तरी मजुरीची आहे.

आता ज्या जागेवर तो उभा आहे, तिथं ७ डिसेंबर १९५६ ला काय घडलं ते ऐका. रात्रीच्या विमानानं पार्थिव मुंबईला आलं. राजगृहावर माणसांचा समुद्र लोटला. गिरणी कामगार कामं टाकून रस्त्यावर आले. परळ भागातून फिरत अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोचली. आणि तिथं, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली. लाखाच्या वर माणसांनी बाप जाळायला आलेल्या जागी धम्म घेतला. १६ तारखेचं काम त्यांनी ७ तारखेलाच करून टाकलं. डोळे ओले होते आणि तोंडानं ‘बुद्धं सरणं गच्छामि’ चालू होतं.

चैत्यभूमीचा खरा इतिहास हा आहे. ती नुसती रडायची जागा असती तर पहिल्याच दिवशी लोक रडून घरी गेले असते.

आपल्या वऱ्हाडानं तर हे आधीच पाहिलेलं. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. अध्यक्ष बाबासाहेब. थोरले बंधू बाळाराम गेल्याची खबर त्याच परिषदेत येऊन थडकली. परिषद मोडली नाही. बडनेऱ्याहून हाकेवर घडलेली ही गोष्ट आपल्याच पोरांना कुणी सांगत नाही.

स्तूपाजवळच इंदू मिलची जागा आहे. मी गिरणीत काम करतो म्हणून तिथं माझे पाय अडले. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला कापडखात्यात, म्हणजे मागावर, घेत नसत. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! जास्त पगार तिथंच होता. १९२८ च्या संपात हा अन्याय मागण्यांमध्ये घ्या, असं बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते इंदू मिलमध्ये घुसले आणि जागा स्मारकाला द्या म्हणून ठाण मांडून बसले. मग सरकार हललं. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुतळा ठरला साडेतीनशे फुटांचा. ठरू द्या. पण ज्या जातीला धाग्याला तोंड लावू दिलं नाही, तिच्या पोरांना त्या पुतळ्याखाली कुणी कापडखात्याची ही गोष्ट सांगणार आहे का?

शिवाजी पार्कात त्या दिवशी पुस्तकांचे ढीग विकले जातात. भाकर बांधून आलेला माणूस पुस्तक घेऊन जातो. गर्दीला नाकं मुरडणाऱ्यांना हे दिसत नाही. पण आपणही जरा आपल्याकडे पाहू. ते पुस्तक घरी गेल्यावर उघडतं का? सात तारखेला आपण परततो, बॅनर उतरवतो, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत निवांत.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. सहाला दादरला जा, जरूर जा. पण सोळाला आपापल्या वस्तीत जमा. बडनेऱ्यात, अकोल्यात, मूर्तिजापुरात, जिथं असाल तिथं. बावीस प्रतिज्ञा वाचा आणि घरात कुठली मोडली जाते ते तोंडावर बोला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं एक प्रकरण वाचा. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना पुढे बसवा. ५६ साली त्यांच्या घरात काय झालं ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. ती माणसं आता थोडी उरलीत.

सोळा तारीख बाबासाहेबांनी ठरवली होती. ती पाळायला परवानगी लागत नाही, तिकीटही लागत नाही.

जयभीम.