छताचा ताप आणि जिप्समची भिंत : काम देण्यापूर्वी

— प्रतिनिधी

उन्हाळा सुरू झाला की मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या शहरांतील सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांचे हाल सुरू होतात. दिवसभर तापलेला सिमेंट काँक्रिटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. अशा वेळी 'जिप्समचे सीलिंग लावून घ्या, घर थंड होईल' असा सल्ला हमखास मिळतो. त्या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कोणते काम कशासाठी करायचे हे ठाऊक नसताना दिलेले कंत्राट खिशाला खड्डा पाडते आणि कित्येकदा मूळ दुखणे झाकून ठेवते.

आधी गळती, मग उष्णता

छतावर ओलीचे डाग असतील, पोपडे सुटत असतील किंवा स्लॅबच्या खालच्या बाजूने गंजलेली सळई दिसत असेल, तर फॉल्स सीलिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. सीलिंग लावल्यावर डाग दिसेनासे होतात, मात्र सळई गंजण्याचे काम आतल्या आत चालूच राहते. सुटलेला काँक्रिटचा तुकडा सीलिंगसह खाली येण्याचा धोका असतो. त्यामुळे प्रथम स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून स्लॅबची पाहणी करून घ्यावी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांतील सभासदांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्चीची देखभाल आणि पावसाच्या पाण्यामुळे छतातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती हा संस्थेचा खर्च आहे. शौचालय, सिंक आदींमुळे होणारी अंतर्गत गळती मात्र सभासदाने दुरुस्त करायची असते. गच्ची सामाईक असल्याने तेथे कोणतेही काम करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

उष्णता कोठे अडवावी?

उष्णता स्लॅबमध्ये शिरण्यापूर्वीच अडवणे सर्वांत परिणामकारक. त्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. पहिला, गच्चीवर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप. हा स्वस्त असतो, पण धूळ बसली की त्याचा गुण घटतो. म्हणून अधूनमधून धुवावा लागतो. दुसरा, विटांच्या तुकड्यांचा पारंपरिक कोबा. तो पाण्यालाही उतार देतो, परंतु चार इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलोपर्यंत भरते. जुना कोबा न काढता त्यावर नवा घालू देऊ नये. तिसरा, वॉटरप्रूफिंगवर दाट फोमचे तक्ते अंथरून त्यावर फरशी किंवा काँक्रिटचा थर देणे.

या कामांची तुलना 'यू-व्हॅल्यू'ने करता येते. छतातून किती उष्णता आत येते, हे सांगणारा हा आकडा जितका कमी तितके चांगले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या 'इको-निवास संहिते'त निवासी इमारतींच्या छतासाठी ही कमाल मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन ठेवली आहे. उघड्या स्लॅबचा आकडा याच्या साधारण तिप्पट असतो. कंत्राटदाराने सुचवलेल्या थराची जाडी, घनता आणि अपेक्षित यू-व्हॅल्यू कोटेशनमध्ये लिहून मागावी. 'घर दहा अंशांनी थंड होईल' अशा तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

गच्चीवर काम शक्य नसेल तर स्लॅबखाली रॉकवूल किंवा ग्लासवूल भरून जिप्सम सीलिंग लावता येते. निव्वळ जिप्सम बोर्डाने फारसा फरक पडत नाही. खरे काम आतील लोकर करते. ती ओली झाल्यास निरुपयोगी ठरते, म्हणूनही गळतीची दुरुस्ती आधी. तापणारे दिवे लोकरीने झाकू नयेत आणि विजेच्या तारा पाइपमधूनच न्याव्यात. उघडे थर्माकोल सहज पेटते, ते सीलिंगमध्ये भरू देऊ नये.

ड्रायवॉल म्हणजे काय?

अमेरिकेत घरांच्या आतील भिंती बहुधा जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. पाणी कालवून गिलावा करावा लागत नाही, म्हणून तिला 'ड्रायवॉल' म्हणतात. ऑगस्टिन सॅकेट यांनी १८९४ मध्ये पेटंट घेतलेला कागद आणि प्लॅस्टरचा तक्ता हा तिचा पूर्वज. जिप्समच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. आग लागल्यास ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत तक्ता ज्वाळांना थोपवून धरतो.

आपल्याकडे साडेबारा मिलिमीटर जाडीचा, सहा फूट बाय चार फुटांचा तक्ता सर्रास वापरला जातो. त्यावर भारतीय मानक आयएस २०९५ चा उल्लेख आहे का, ते पाहावे. स्वयंपाकघर व न्हाणीघरालगत ओलावारोधक तक्ताच हवा. तोही ओल सहन करतो, सततची गळती नव्हे.

काम सुरू असताना काय पाहावे?

* पार्टिशनच्या सांगाड्यासाठी जस्ताचा मुलामा असलेले पत्र्याचे चॅनेल असावेत. उभ्या चॅनेलमधील अंतर दोन फुटांहून अधिक नसावे.
* सीलिंगमध्ये स्क्रू सुमारे नऊ इंचांवर, भिंतीत बारा इंचांवर असावेत. स्क्रूचे डोके कागद न फाडता किंचित आत बसले पाहिजे.
* प्रत्येक सांध्यावर कागदी पट्टी आणि जॉइंटिंग कंपाउंडचे थर द्यावेत. आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. पट्टी न लावता नुसती पुट्टी फिरवली तर काही महिन्यांतच सांध्यावर भेगा दिसू लागतात.
* आवाज अडवायचा असेल तर पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत नेऊन फटी बंद कराव्यात.
* टीव्ही, कपाट किंवा गिझर टांगण्याच्या जागी आधीच प्लायवूड अथवा लाकडाचा आधार बसवून घ्यावा. बोर्ड लागण्यापूर्वी उघड्या सांगाड्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

कंत्राट आणि पैसे

किमान तीन कोटेशन घ्यावीत आणि तिन्हींत साहित्य, जाडी व मोजमापाची पद्धत एकच असावी. दरवाजा-खिडक्यांचे क्षेत्र वजा होणार का, सीलिंगच्या उभ्या कडा चौरस फुटाने मोजणार की धावत्या फुटाने, रंगकाम व मलबा उचलणे दरात धरले आहे का, हे आधीच ठरवावे. बहुतेक भांडणे येथेच होतात. कंत्राटदाराने वर्षभरापूर्वी केलेले एखादे काम प्रत्यक्ष पाहावे. नव्या कामावरील भेगा लगेच दिसत नाहीत.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: थोडी आगाऊ रक्कम, सांगाडा झाल्यावर, बोर्ड लागल्यावर आणि काम पूर्ण झाल्यावर. गच्चीच्या कामात पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घालावी. फरशी बसण्यापूर्वी गच्चीवर पाणी साठवून ४८ तासांची चाचणी घ्यावी. हमी लेखी असावी आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

पावती येथे महत्त्वाची ठरते. सदोष सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हे काम मार्चअखेरपर्यंत हाती घेतलेले बरे. मे महिन्यात घाईने दिलेल्या कामाची गच्ची पावसापूर्वी पुरती वाळत नाही, आणि मग जूनच्या पहिल्याच सरीत नव्याकोऱ्या सीलिंगवर जुनाच डाग उमटतो.