पाण्याच्या टाकीची भिंत एकाच रेषेवर का गळते?

सोसायटीची जमिनीखालची टाकी साफ करायला रिकामी केली, की काही वेळा भिंतीवर एक आडवी ओलसर रेषा दिसते. रहिवासी म्हणतात, बिल्डरने माल हलका वापरला. पण माल चांगला असूनही अशी रेषा उमटू शकते. काँक्रीट ओतताना काम नको तिथे थांबलं, की एवढं पुरतं.

मग भिंत एका दमात का भरत नाहीत?

ओलं काँक्रीट शटरिंगच्या आत पातळ पदार्थासारखं वागतं आणि एका घनमीटरचं वजन साधारण 2,400 ते 2,500 किलो असतं. 3 मीटर उंच भिंत झपाट्याने भरली, तर तळाशी दर चौरस मीटरवर 7 टनांहून जास्त दाब येऊ शकतो. शटरिंग फुगतं, कधी फुटतंही. शिवाय उंचावरून पडणारा माल सळ्यांवर आपटून खडी आणि सिमेंटचा रस वेगळे होतात. म्हणूनच आयएस 456 या भारतीय मानकात काँक्रीट 1.5 मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये, असं साधारणपणे सांगितलंय.

त्यामुळे भिंत थराथराने भरतात. एक थर साधारण 30 ते 45 सेंटिमीटरचा. खालचा थर ओला असतानाच वरचा टाकायचा आणि व्हायब्रेटरची सुई खालच्या थरात 10-15 सेंटिमीटर घुसवायची, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. मिक्सरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, पंप बंद पडला किंवा जेवणाची सुट्टी लांबली, तर खालचा थर आवळतो आणि तयार होतो 'कोल्ड जॉइंट'. नावात कोल्ड असलं तरी धोका मे महिन्याच्या उन्हात जास्त, कारण तेव्हा काँक्रीट लवकर आवळतं.

ठरवून ठेवलेला सांधा मात्र दोष नाही. टाकीचा तळ आणि भिंत बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशीच ओततात. भिंतीची सुरुवातीची 10-15 सेंटिमीटर उंची तळासोबत भरतात आणि तिथे वॉटरस्टॉपची पट्टी बसवतात: अर्धी जुन्या काँक्रीटमध्ये, अर्धी नव्यात. पुढच्या टप्प्याआधी वर आलेला दुधाळ, ठिसूळ थर खरवडून खडी उघडी करायची, पृष्ठभाग धुवायचा, साचलेलं पाणी काढायचं. हे काम कंटाळवाणं, त्यामुळे नेमकं तेच टाळलं जातं. धुळीवर सिमेंटचं पाणी शिंपडलं, की झालं!

मग त्या फटीतून पाणी सळ्यांपर्यंत पोहोचतं. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी असेल, तर बाहेरचं घाण पाणी त्याच वाटेने आत, पिण्याच्या पाण्यात येऊ शकतं.

आतून नुसतं प्लास्टर केलं, तर ओल बऱ्याचदा परत येते. त्यापेक्षा रेषेवर छिद्रं पाडून दाबाने ग्राउट भरतात. त्यासाठी टाकी रिकामी ठेवावी लागते, म्हणजे तेवढे दिवस टँकर.