तवाना : प्रभावळीच्या सुभेदारास गेलेल्या एका पत्राचा विचार

इ. स. १६७६ च्या सप्टेंबरच्या ५ तारखेस, शके १५९८ मध्यें, श्रीशिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेलें पत्र वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. तें छापून फार वर्षें लोटलीं. भाजीच्या देठासहि मन लावूं नये, ही त्यांतील ताकीद व्याख्यानांतून इतक्या वेळां ऐकूं येते कीं, पत्राचा उरलेला भाग तिच्या छायेंत झांकून गेला आहे. आम्हांस या लेखांत ताकिदीविषयीं कांहीं सांगावयाचें नाहीं. तिच्या पुढें जी व्यवस्था सांगितली आहे, तिचा विचार करावयाचा आहे.

ती व्यवस्था थोडक्यांत अशी. सुभेदारानें कचेरींत बसून न राहतां गांवोगांव फिरावें. ज्या गांवीं जाईल तेथील कुणबी गोळा करावे. कोणाच्या घरीं माणूसबळ किती, बैल किती, दाणा किती, हें पाहावें. ज्यापाशीं सर्व संच आहे त्याचें ठीकच आहे. परंतु ज्याच्या अंगीं शेत करण्याची कुवत आहे, घरीं माणूस आहे, आणि केवळ बैल व पोटास दाणा नाहीं म्हणून जो अडून बसला आहे, त्यास बैलांसाठीं रोख पैसा द्यावा, आणि पोटासाठीं खंडी दोन खंडी दाणा द्यावा. त्याच्यानें जेवढें शेत होईल तेवढें करवावें. दिलेल्याची वाढीदिढी घेऊं नये. मुद्दल तेवढें, तेंहि हळूहळू, त्यास तवाना आल्यावर परत घ्यावें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो सरकारास मान्य आहे, असें पत्रांत स्पष्ट आहे. रक्कम होनांत न सांगतां लारींत सांगितली आहे, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. लारी म्हणजे दुमडलेल्या रुप्याच्या तारेचें नाणें. त्याचें नांव इराणांतील लार शहरावरून पडलें, आणि कोंकणच्या बंदरांतून तें चालत असे. म्हणजे खर्च ज्या मुलखांत व्हावयाचा, त्या मुलखाच्या चलनांतच त्याचा अंदाज केलेला आहे.

आतां 'तवाना' हा शब्द. फारसींत 'तवाना' म्हणजे समर्थ, बळकट. आपल्या जुन्या मराठींत तो नाम होऊन बसला, आणि 'तवाना येणें' म्हणजे अंगांत त्राण येणें, असा प्रयोग रूढ झाला. दुखण्यांतून उठलेल्या माणसास जें येतें तें. या पत्रांतील परतफेडीची मुदत महिना-तिथींत नाहीं, ती या शब्दांत आहे. कर्जरोख्यांत मुदत धनकोच्या सोयीनें पडते. येथें ती ऋणकोच्या प्रकृतीवर सोडलेली आहे. आमच्या मतें पत्राचें सारें मर्म एवढ्यांत आलें.

'वाढीदिढी' या शब्दाकडेहि पाहावें. दीड हा शब्द संस्कृत 'द्व्यर्ध' यापासून प्राकृत 'दिवड्ढ' यावरून आला. पेरणीस मणभर दाणा न्यावा आणि सुगीस दीड मण घालावा, ही दिढी. ती कोणा लोभी सावकारानें नव्यानें काढलेली युक्ति नव्हे. कौटिल्यानें तिसऱ्या अधिकरणांत धान्याची वृद्धि पीक निघतेवेळीं अर्ध्यापर्यंत सांगितली आहे, म्हणजे ती दिढीच होय. तेव्हां हा दर शास्त्रास आणि व्यवहारास सारखाच मान्य होता. तो मान्य असतांना तो सोडून देण्याची आज्ञा झाली, यांत तिचें महत्त्व आहे.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत, जनपदनिवेशाच्या प्रकरणीं, राजानें शेतकऱ्यांवर धान्य, पशु व हिरण्य यांनीं अनुग्रह करावा आणि त्यांनीं तें पुढें सुखानें परत करावें, असें आहे. दाणा, बैल, रोकड, आणि सुखानें फेड : चारहि अंगें पत्रांत जशींच्या तशीं आहेत. हें साम्य आम्हीं प्रथम ताडून पाहिलें तेव्हां आम्हांसहि मोह पडला कीं, छत्रपतींच्या पंडितमंडळींत कोणीतरी अर्थशास्त्र वाचलेलें असावें. परंतु हा मोह आवरला पाहिजे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास शामशास्त्र्यांच्या हातीं लागून ग्रंथ १९०९ त छापला गेला. तोंवर तो विद्वानांसहि बहुतेक उद्धृत वचनांवरूनच ठाऊक होता. एकच अडचण दोन काळीं दोन शहाण्यांपुढें आली आणि दोघांनीं तोच उपाय काढला, असें मानण्यांत कोणाचाच कमीपणा नाहीं. शिवाय पत्राची भाषा फारसीमिश्रित कचेरीची आहे, तींत शास्त्राचा गंध नाहीं.

कित्येक लेखक या पत्रास दानधर्माच्या सदरांत घालतात, तें आम्हांस मान्य नाहीं. दानाचीं उदाहरणें आपल्याकडे विपुल आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी अंबारें लोकांस लुटवून दिलीं, ही कथा घरोघर माहीत आहे. पेशवाईंतील श्रावणमासची दक्षिणाहि माहीत आहे. दामाजीपंतांच्या कथेंत बेदरच्या दरबारचा हिशेब विठोबा येऊन चुकता करतो. प्रभावळींत तो कुणब्यानें स्वतः चुकता करावयाचा आहे, आणि तो त्याला करतां येईल अशी तजवीज आधीं करावयाची आहे. भुकेल्यास अन्न घालणें हें पुण्य खरेंच; पण पुढच्या ज्येष्ठांत तोच मनुष्य त्याच दारीं उभा राहूं नये, ही काळजी दानांत अंतर्भूत नसते.

तथापि भक्तीच्या भरांत पत्राची मर्यादा विसरूं नये. हें साहाय्य ज्याच्या घरीं हातपाय चालविणारें माणूस आहे त्यासाठींच आहे. पडजमीन लागावी आणि वसूल वाढावा, हा हेतु पत्रांत लपविलेला नाहीं. कौटिल्यानेंहि कोशाची वृद्धि करणारेच अनुग्रह करावेत असें बजावलें आहे. ज्या घरांतील कर्ता गेला, त्या घराची सोय या पत्रांत नाहीं. सैनिक कामास आला असतां त्याच्या मुलांमाणसांस बालपरवेशी म्हणून जें दिलें जाई, त्याचे कागद निराळे. परागंदा झालेल्या रयतेस पुन्हा घरदार उभारण्यास जो धीर मिळे, तो कौलनाम्यांतून. इस्ताव्याच्या कौलांत सारा पहिल्या वर्षीं हलका आणि पुढें चढता असे, आणि नव्या पेठा वसवितांना कांहीं वर्षें कर माफ करीत, म्हणजे त्या अवधींत मनुष्यास डोक्यावर छप्पर घालून घेतां येई. जमीनहि नाहीं आणि बलुतेंहि नाहीं, अशा मोलमजुरी करणाऱ्याचें नांव मात्र या तिन्ही प्रकारच्या कागदांत शोधावें लागतें.

पत्रांतील शहाणपण सुटल्यावर काय होतें, तें पुढील शतकांनीं दाखविलें. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें येथें दंगा झाला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनीं सावकारांच्या जिवापेक्षां त्यांच्या कर्जरोख्यांवर हात टाकला. कागद मिळाले म्हणजे ते जाळीत, आणि पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यावरच परतत. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें कागद जाळावा, यांत आश्चर्य तें काय? १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधिशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ देणें किती हें पाहण्यास सांगितलें, आणि ऋणकोस पावती व हिशेब मिळावा अशीहि कलमें घातलीं. सुभेदारानें दारीं येऊन जें विचारावयाचें, तें आतां न्यायालयांत विचारलें जाऊं लागलें; तेंहि घर बुडाल्यावर.

दहा वर्षांनीं, १८८९ मध्यें, बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर व त्यांचे महाराष्ट्रीय स्नेही यांनीं 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा हिंदुस्थानांत १९०४ त आला, म्हणजे ही मंडळी त्याच्या आधीं पंधरा वर्षें. सभासदांनींच थोडथोडें सांठवावें आणि अडल्या सभासदास त्यांतून द्यावें. येथें सुभेदार नाहीं व सरकारहि नाहीं. कोणास तवाना आहे आणि कोणास नाहीं, हें शेजाऱ्यानेंच शेजाऱ्याचें पाहावयाचें. मंडळीचें नांव संस्कृत असलें तरी काम प्रभावळीच्याच जातीचें होतें, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शिक्षकी पेशांत असतां सुटीच्या दिवसांत आम्ही कोंकणांतील एका घरीं दप्तर पाहण्यास गेलों होतों. शिक्कामोर्तबाचीं पत्रें यजमानांनीं रेशमी रुमालांत जपलेलीं होतीं, आणि तीं त्यांनीं मोठ्या अभिमानानें दाखविलीं. तगाईच्या व बैलदाण्याच्या याद्यांचें काय झालें असें विचारतां, त्यांत राजकारण कांहीं नव्हतें म्हणून बंबांत घातल्या, असें उत्तर मिळालें. राख अंगणांतल्या माडाच्या आळ्यांत पडलेली होती. रामाजी अनंताच्या पत्रासारखी आज्ञा गांवांत कशी उतरली, कोणत्या घरीं किती दाणा गेला आणि किती वर्षांनीं मुद्दल परत आलें, हें असल्याच याद्या सांगूं शकतात. मोडी वळणाचे, बिनशिक्क्याचे, नुसत्या नांवांचे व आंकड्यांचे कागद कोणा वाचकाच्या घरीं असतील, तर ते निदान उतरून काढल्यावांचून हातावेगळे करूं नयेत.