कम्मसिद्धांत आणि मराठवाडा : नांदेड १९७८, किल्लारी १९९३

'कर्म' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत दोन अर्थांनी नांदतो. 'करावे तसे भरावे' असे म्हणताना माणूस आपल्या कृतीची जबाबदारी स्वीकारतो. 'कर्माचे भोग' असे म्हणताना तोच माणूस हात टेकतो. पहिल्या अर्थाने कर्म करावयाचे असते, दुसऱ्या अर्थाने ते भोगावयाचे असते. भगवान बुद्धांच्या कम्मविचारात यांपैकी कोणत्या अर्थाला स्थान आहे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथाभ्यासाचा वाटतो. परंतु नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या अलीकडील इतिहासात तो दोन वेळा जीवनमरणाचा प्रश्न म्हणून पुढे आला. त्या दोन प्रसंगांच्या आधारे कम्मसिद्धांताचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वकर्माचा वारसा

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला वेठ, मेलेली जनावरे ओढण्याचे काम आणि उष्ट्याची भाकर आली होती. हे असे का, या प्रश्नाला परंपरेने एकच उत्तर तयार ठेवले होते : मागल्या जन्मीचे पाप. हे उत्तर किती खोलवर रुजले होते, हे चोखोबांच्या अभंगांवरून कळते. विटाळाच्या कल्पनेलाच जाब विचारणारा हा संत काही ठिकाणी आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या आचरणात शोधतो. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. ज्याला गावात राहू दिले नाही, त्याच्याच श्रमावर गावाची भिंत उभी राहात होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या उत्तराच्या मुळावरच घाव घातला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आधुनिक अभ्यासकापुढील चार समस्या त्यांनी मांडल्या आहेत. त्यांतील एक आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांसंबंधी आहे. दारिद्र्य व हीन अवस्था ही पूर्वकर्माची फळे मानली, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. म्हणून अशी शिकवण महाकारुणिक बुद्धांची असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मात्र त्यांनी कम्म ही संकल्पना टाकून दिली नाही. जगातील नैतिक व्यवस्था राखणारा नियम तो कम्मनियम, कुशल कर्माने ही व्यवस्था सुधारते व अकुशल कर्माने बिघडते, आणि त्याचे क्षेत्र हेच जीवन होय, अशी त्यांची मांडणी आहे.

सीवकाचा प्रश्न

या मांडणीला त्रिपिटकात भक्कम आधार सापडतो. संयुत्त निकायातील वेदना-संयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो, की माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सारे पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण मानतात. यावर आपले मत काय? तथागत वेदनांची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतूतील पालट, विषम परिहार म्हणजे देहाची हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात, आणि शेवटी कम्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे स्वानुभवाच्या व लोकानुभवाच्याही पलीकडे धावतात, असा निर्वाळा ते देतात.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात हाच विचार पुढे नेला आहे. सर्व काही पूर्वकृत कर्माने घडते, सर्व काही ईश्वर घडवितो, सर्व काही विनाकारण घडते, ही तिन्ही मते तेथे एकाच तराजूत तोलली आहेत. तिन्हींचा परिणाम एकच : हे करावे व हे करू नये, या विवेकाला जागाच उरत नाही. त्याच निकायात चेतनेला, म्हणजे हेतुपूर्वक केलेल्या संकल्पाला, कम्म म्हटले आहे. ज्या घटनेमागे कोणाचाही संकल्प नाही, ती घटना कोणाचेही कम्म ठरत नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, रोग, दारिद्र्य, नीच कुळ यांची कारणे पूर्वीच्या कर्मांत दाखविली आहेत. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तर दोन्ही सूर आहेत. एके ठिकाणी नागसेन स्थविर माणसामाणसांतील भेद वेगवेगळ्या बीजांच्या वृक्षांप्रमाणे कर्मभेदाने होतात असे सांगतात. दुसरीकडे सीवकाला दिलेली आठ कारणे मोजून, कर्मविपाकाने होणारे दुःख थोडे व इतर कारणांचे अधिक, असे उत्तर देतात. ज्या राजाच्या नावावरून बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय ओळखले जाते, आणि जेथे नांदेड-लातूरकडील पहिल्या पिढीची मुले शिकली, त्याच राजाच्या प्रश्नांत हा पेच नोंदलेला असावा, हे अर्थपूर्ण आहे.

बाबासाहेबांनी या पेचाची उकल दिली आहे. बुद्धवचने दीर्घकाळ भाणकांच्या मुखोद्गत परंपरेने आली. कर्म व पुनर्जन्म या विषयांतच विपर्यासाची शक्यता सर्वांत अधिक होती. म्हणून जे बुद्धिसंगत व जनहिताचे, तेच बुद्धवचन मानावे, अशी कसोटी त्यांनी सांगितली. ही कसोटी आता इतिहासातील दोन घटनांवर लावून पाहू.

नांदेड, १९७८ : दुसऱ्याचा आघात

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या तत्कालीन पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कुटुंबांना गाव सोडावे लागले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. नांदेड जिल्ह्याला या हिंसेची फार मोठी झळ बसली. याच जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची ऑगस्ट महिन्यात हत्या झाली.

पूर्वकर्मवाद येथे लावून पाहावा. तो खरा मानला, तर ज्याचे घर जळाले तो आपलेच जुने देणे फेडीत होता आणि काडी लावणारा हा त्या हिशेबाचा केवळ कारकून ठरतो. मग फिर्याद कशाची व न्यायालय कशासाठी? सीवकाला दिलेल्या उत्तरात मात्र 'ओपक्कमिक', म्हणजे परकृत आघातातून उद्भवलेले दुःख, हे विपाकाहून वेगळे कारण म्हणून मोजले आहे. घर जळाले, यात घरमालकाच्या कम्माचा प्रश्न येत नाही. कम्म जाळणाऱ्याचे होते. त्यामागे चेतना होती, द्वेष होता, आणि त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

तथापि पीडितांच्याही कम्माचा प्रश्न उरतो, आणि तो त्यानंतरच्या वर्तनाचा आहे. जे सोसले त्यावर आपण काय करावयाचे? मराठवाड्यातील समाजाने निवडलेला मार्ग सत्याग्रहाचा, तुरुंगवासाचा, १९७९ च्या नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चचा आणि शिक्षणाचा होता. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांना आपल्याच परिसरात विद्यापीठ मिळाले. सोळा वर्षांच्या त्या लढ्याला कम्म म्हणावे. तो जाणीवपूर्वक निवडलेला होता.

किल्लारी, १९९३ : ऋतुनियाम

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत झोपलेली गावे ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

अशा वेळी 'कोणाचे पाप फळाला आले?' हा प्रश्न कानी येतोच. थोरांनाही तो चुकलेला नाही. जानेवारी १९३४ मधील बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे म्हटले. हेतू अस्पृश्यता निवारणाचा होता. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर हरकत घेतली. भौतिक आपत्तींची कारणे भौतिकच असतात, त्यांना नीतीशी जोडणे अशास्त्रीय आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

बौद्ध वाङ्मय या वादात कोणत्या बाजूस उभे राहते? दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे दिली आहेत. पहिले कारण त्या काळच्या समजुतीप्रमाणे निसर्गाचे आहे : पृथ्वी जलावर, जल वायूवर; वायू क्षुब्ध झाला की पृथ्वी हलते. दुसरे ऋद्धिमंतांच्या सामर्थ्याचे, आणि उरलेली बोधिसत्त्व व तथागत यांच्या जीवनातील प्रसंगांशी निगडित आहेत. आजचे भूगर्भशास्त्र यांतील एकही कारण स्वीकारणार नाही. परंतु माणसांच्या पापाचा दंड हे कारण त्या आठांत नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. पुढे अट्ठकथाकारांनी उतु, बीज, कम्म, चित्त व धम्म असे पाच नियाम मानले. भूमीचे हलणे उतुनियामात येते. किल्लारीत ज्या मातेचे लेकरू गेले, तिला 'तुझेच कर्म' असे सांगणे हे शोकावर अपराधाचे ओझे लादणे होय. आणि असे बोलणे हेच सांगणाऱ्याचे अकुशल वाचाकम्म ठरते.

तरीही या घटनेत माणसाच्या कृतीचा भाग होता. धरणी हलली, माणसे मेली ती मुख्यतः भिंती आणि धाबी कोसळून. दगडाच्या जाड भिंती चिखलात रचलेल्या, आणि वर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीचे जड धाबे. याउलट हलक्या छपराच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगल्या. गरिबाची झोपडी तगली ती पुण्याने नव्हे, कमी वजनाने. १९९२ मध्ये किल्लारीस आधीचे धक्के जाणवले होते. तथापि भूकंपीय नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. २००२ मध्ये तो नकाशा बदलला. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड घालण्याचे, दारे-खिडक्यांवर पट्टा बांधण्याचे शिक्षण देण्यात आले. हे ज्ञान आल्यानंतर जो बांधणारा पैशाच्या लोभाने पट्टा गाळतो, तो चेतनापूर्वक कर्म करतो. भूकंप कोणाचे कम्म नाही. पट्टा गाळणे हे कम्म आहे.

दैनंदिन जीवनातील कम्म

हाच विवेक रोजच्या व्यवहारात लावता येतो. पाऊस न पडणे हा ऋतूचा भाग आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यात मात्र बोअरची वाढती खोली आणि उसाचे वाढते क्षेत्र, हा आपल्या निर्णयांचाही वाटा होता. परीक्षेतील नक्कल, लग्नासाठी काढलेले कर्ज, दारू, मजुराची बुडविलेली मजुरी यांना नशिबाच्या खात्यावर टाकण्याची सवय आपल्यालाही आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही 'नशिबात होते' हे शब्द सहज उच्चारले जातात.

यासाठी तथागतांनी आपल्या पुत्राला दिलेला उपदेश पुरेसा आहे. मज्झिम निकायातील राहुलोवादात आरशाचा दाखला आहे. काया, वाचा वा मन यांनी कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, असे तीन वेळा त्याकडे पाहावे; त्याने स्वतःला, दुसऱ्याला अथवा दोघांना पीडा होते का, हे तपासावे; होत असेल तर थांबावे व झालेले जाणत्यांपुढे उघड करावे. या उपदेशात पूर्वजन्माचा उल्लेख येत नाही. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी सात धम्मवचने नमूद केली, त्यांत असत्याविषयीचा राहुलोवाद आहे.

नांदेडजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात भरणाऱ्या धम्म परिषदांना मोठा जनसमुदाय जमतो. उदगीरच्या विहाराचे उद्घाटन ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. वास्तू उभ्या राहात आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या विहारांतून रविवारच्या वंदनेनंतर सीवक सुत्त आणि राहुलोवाद ही दोन सुत्ते जोडीने वाचली व समजावून दिली जावीत, असे सुचवावेसे वाटते. जे आपण केले नाही त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नये, हे पहिले शिकविते; जे आपण करीत आहोत त्याची जबाबदारी टाळू नये, हे दुसरे शिकविते. ज्या भूमीने १९७८ आणि १९९३ ही दोन्ही वर्षे सोसली, तेथील उपासक-उपासिकांना या दोन्ही शिकवणींची गरज आहे.